टोकनताईच्या नवऱ्याची बाजू

तीर्थरूप आत्याला,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताला इस्त्रीचा चटका बसलाय, जोडताना कळ आली, पण तीही तुझ्याच नावाने सोसली.)

डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं ऐकून जीव भांड्यात पडला. थेंब वेळेवर घालतेस ना? पट्टी निघाली असेल तर हे पत्र स्वतः वाच. शेजारणीकडून वाचून घेऊ नकोस. तिच्या कानावर गेलेली गोष्ट चार गल्ल्यांत जाते, आणि माझ्या घरातल्या गोष्टी चार गल्ल्यांत पोचवायला तू एकटी समर्थ आहेस. आमच्याकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर तुझे जावई गेले नऊ दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. भांडण असतं तर मी निभावून नेलं असतं, तीस वर्षांत त्याला हात बसलाय. पण हे भांडतच नाहीत. मीठ हवं असलं तर उठून घेतात, चष्मा सापडला नाही तर न सापडलेल्या चष्म्याने ऑफिसला जातात. आणि याला कारण तू आहेस, तुझी ती टोकनताई आहे आणि 'ओला टॉवेल' नावाचं तुझं नवं पुस्तक आहे. आता तोंड वाकडं करू नकोस, डोळ्यावर ताण येईल.

पहिल्यापासून सांगते, कारण तू सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतेस. बावीस वर्षं मी लॉन्ड्रीच्या काउंटरवर उभी आहे. कपडे घ्यायचे, डाग बघायचे, खिसे तपासायचे, टोकन द्यायचं. खिशात जे सापडेल ते (किल्ली, गोळी, अर्धवट प्रेमपत्र, एकदा तर आख्खी कवळी) कागदी पाकिटात घालायचं, पाकीट चिकटवायचं, वर टोकनचा नंबर टाकायचा आणि कपड्याबरोबर परत द्यायचं. वाचायचं नाही, विचारायचं नाही, गालातल्या गालात हसायचंही नाही. आमच्या मालकीणबाईंचा कायदाच आहे, खिशातलं खिशात. मी तो बावीस वर्षं पाळला. फक्त रविवारी दुपारी तुला फोन करताना नाही पाळला, कारण तू आत्या, तू माझ्या वेण्या घातल्यास, तुझ्यापासून काय लपवायचं? आणि तू ऐकायचीस तरी किती गोड! 'मग गं? पुढे काय गं?' मला वाटायचं, म्हातारीला माझी काय ती माया. तू तिकडे वही उघडून बसली होतीस.

मग एक दिवस टोकनताई बाजारात आली. लॉन्ड्रीच्या काउंटरवरची पन्नाशीची बाई, जाड भिंगांचा चष्मा, टाचदुखी, दर तीन प्रकरणांमागे एक आंबट ढेकर, आणि कोटाच्या खिशातल्या कागदावरून खुनी शोधते. टाच माझी, चष्मा माझा, ढेकर माझा. अक्कल तेवढी तुझी घातलीस, असं तूच मुलाखतीत सांगितलंस. (कात्रण जपून ठेवलंय.)

ग्रंथालयातली बाई सांगते की तुझ्या येणाऱ्या सहाव्या पुस्तकासाठी आत्तापासूनच चाळीसजणी नंबर लावून बसल्यात, आणि जी ती म्हणते, 'अगदी आपल्यातली वाटते हो!' आपल्यातली? आपल्यातल्या कुठल्या बाईला वर्षाला एक प्रेत सापडतं, आत्या? मला बावीस वर्षांत एक मेलेलं झुरळ सापडलं. आणि तो तुझा फौजदार! प्रत्येक पुस्तकात बजावतो की ताई, तुम्ही यात पडू नका, आणि पान उलटलं की मयताचा शर्ट तिच्या हातात देऊन मोकळा. मी इथे हरवलेल्या सायकलची तक्रार द्यायला गेले तर मला दोन तास बाकावर बसवलं आणि वर विचारलं, घरातलं पुरुषमाणूस कुठाय. बरं, टोकनताई संशयिताच्या मागे निघते तेव्हा मोरीत भांड्यांचा ढीग पडलेला असतो, असं तू आवर्जून लिहितेस (म्हणजे ती आपल्यातली). पुढचं प्रकरण सुरू होतं तेव्हा भांडी घासून पालथी. कोणी घासली? पाच पुस्तकांत पाच खून उलगडलेस, एवढं एक रहस्य तुला उलगडता आलं नाही.

तरीही मी पाचही पुस्तकं वाचली. शिव्या देत वाचली, आमटी करपवून वाचली, दाराची कडी वाजली की प्रकरण संपतं हा तुझा खेळ पाठ झाला तरी कडी वाजली की माझा हात पुढचं पान उलटायचाच. लपवून काय ठेवू, मला शेवटचं प्रकरण आवडतं. सगळे एका खोलीत जमतात, टोकनताई उभी राहते आणि बोलायला लागते. सतरा पानं बोलते. मध्ये कोणी तोंड घालत नाही. कोणी चहा टाक म्हणत नाही. मुख्य म्हणजे खुनी! दार उघडं असतं, पळायची सोय असते, पण तोसुद्धा गपगुमान बसून बाईमाणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकतो. चाळीसजणी रांगेत उभ्या आहेत त्या खुनासाठी नाहीत, या सतरा पानांसाठी आहेत. माझं सतरा ओळी ऐकून घेणारा कोणी भेटला तर तो खुनी आहे की कोण, हे मी विचारायलासुद्धा जाणार नाही.

तर पुस्तकं गाजली आणि माझे हाल सुरू झाले. गिऱ्हाइकं कोपऱ्यावर थांबून, भिंतीकडे तोंड करून खिसे रिकामे करायला लागली. एक वकीलसाहेब तर खिसे शिवूनच कोट पाठवतात. उलट बायका नवऱ्यांचे न मळलेले कपडे घेऊन यायला लागल्या, धुवायला नाही, 'बघायला'. दातांच्या डॉक्टरांची बायको आठवड्यात तीनदा त्यांचा कोट घेऊन आली आणि दर वेळी माझ्याकडे असं बघायची की जणू मी नाडी हातात घेतलीय आणि आता आजाराचं नाव सांगणार. तिसऱ्या वेळी अस्तराच्या आत हाताला काही लागलं. मी नेहमीसारखं पाकिटात घालून चिकटवलं. तिने जागच्या जागी ते टराटरा फाडलं. चॉकलेटांचे अकरा कागद निघाले! त्यांची दुसरी बाई निघाली असती तर बायकोने कदाचित पोटात घातलं असतं गं, पण या माणसाने वीस वर्षं घरात गोडाचा डबा ठेवू दिला नव्हता. ती काउंटरवरच रडली, मग हसली, मग रागाने लाल होऊन गेली. डॉक्टर तेव्हापासून कपडे दुसरीकडे टाकतात आणि मला दाढ दुखली तर जायला जागा राहिली नाही. मालकीणबाईंनी आधी हौसेने दारावर 'टोकनताईंची हीच ती लॉन्ड्री' अशी पाटी लावली होती. ती काढली आणि मला काउंटरवरून उठवून मागे डाग काढायच्या टेबलावर बसवलं. तेही मी हसत सोसलं, कारण मागे निदान बसायला मिळतं.

पण आता तुझ्या जावयांचं ऐक. माणूस वजनमापं तपासणारा. दुकानातला काटा दोन ग्रॅम इकडेतिकडे असला तर यांना जेवण जात नाही. तुला वाटत असेल, हा कसल्या कादंबऱ्या वाचतोय. अगं, हे तुझे सगळ्यात निष्ठावान वाचक! खाकी कागदाचं कव्हर घालायचं, वर सुवाच्य अक्षरात 'मापन नियमावली' लिहायचं आणि गॅलरीत बसून टोकनताई वाचायची. टोकनताई म्हणजे मी, हे त्यांना पहिल्या पानापासून मान्य होतं, कौतुकही होतं. मात्र टोकनताईचा नवरा म्हणजे कोण, हा प्रश्न या गृहस्थांना चार पुस्तकांत एकदाही पडला नाही. तू त्याला तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरणारा, बायकोने खुनी पकडून आणला तरी 'कोण आलंय गं?' विचारणारा केलास. तिसरं पुस्तक मिटताना हे मला म्हणाले, 'किती मठ्ठ नवरा मिळालाय गं बिचारीला!' मी इस्त्रीवरून मान वर केली नाही.

पाचव्यात मात्र तू हद्द केलीस. आठवतंय ना, मी तुला कुठल्या रविवारी काय सांगितलं होतं? नवव्या वर्षी हे हौदात पडले होते, तेव्हापासून पाण्याची धास्ती. डोक्यावरून पाणी घेतानासुद्धा एक हात भिंतीला. गेल्या सुट्टीत लेकीकडे गेलो तेव्हा चार वर्षांची नात गुडघाभर पाण्यात उभी राहून आजोबा या, आजोबा या म्हणून हाका मारत होती, आणि आजोबा काठावर सगळ्यांच्या चपला घेऊन उभे. चपला सांभाळायला कोणीतरी हवंच ना, म्हणाले. घरी आल्यावर महिन्याभरात दूधवाल्यांची मापं तपासायला मंगळवारी आणि शुक्रवारी भल्या सकाळी जायला लागले. दूधवाल्यांची मापं तपासून कोणाच्या बोटांना सुरकुत्या पडतात, आत्या? मग एकदा शर्टाच्या खिशात पोहण्याच्या तलावाची चिठ्ठी निघाली, 'प्रौढ नवशिके, सकाळी सहा ते सात'. छप्पन्नाव्या वर्षी! मी ती होती तशी घडी घालून होती तशी ठेवली. परक्यांचं खिशातलं खिशात ठेवते, तर घरच्या माणसाचं का नाही? या सुट्टीत नात येणार, तेव्हा तिच्यासमोर पाण्यात उतरून सगळ्यांना चकित करायचं, हा त्यांचा बेत मला न सांगता कळला होता, आणि चकित व्हायची मी आरशासमोर तयारीसुद्धा केली होती. पाच महिने पोटात ठेवलं. एका रविवारी भरून आलं म्हणून तुला सांगितलं. हसायला नव्हतं सांगितलं गं. तू म्हणालीस, 'अगं बाई, किती गोड!'

आणि अकराव्या प्रकरणात काय लिहिलंस? टोकनताईला नवऱ्याचा संशय येतो, ती मागे मागे तलावावर जाते, न्हाणीच्या पडद्याआड लपते आणि बघते तर नवरा पोटाखाली फळी घेऊन काठाला अडकलेल्या रिकाम्या पिंपासारखा गोल गोल फिरतोय. लोक हसून हसून लोळले म्हणे. लोळले असतीलच. तलावावर शिकवणाऱ्या बाई तुझ्या भक्त. त्यांनी एका मंगळवारी धडा संपल्यावर ते प्रकरण काठावर उभं राहून मोठ्याने वाचलं, आणि समोर पाण्यात दांडी धरून नऊ प्रौढ नवशिके उभे. (हे मला त्या बाईंनीच कपडे टाकायला आल्या तेव्हा सांगितलं, हसत हसत. त्या बिचारीला काही कल्पना नाही.) त्यांचं म्हणणं, सगळ्यात मोठ्याने एक आजोबा हसत होते, म्हणजे आमचे हेच. मग टॉवेलचा निळा काठ आला. नाकात पाणी गेलं की लागणारी उचकी आली. दूधवाल्यांची मापं आली. तिथे यांचं हसू थांबलं आणि हे शिडी चढून वर आले.

घरी येऊन त्यांनी पुस्तक माझ्यासमोर उघडं ठेवलं आणि विचारलं, कधीपासून माहीत होतं? मी म्हटलं, नऊ महिने. मग विचारलं, मागे आली होतीस? इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पडले निर्दोष! मी म्हटलं, छे, मागे कशाला येऊ, मी काय हेर आहे? टॉवेलच्या वासावरून पहिल्याच आठवड्यात कळलं, केसांवरून शंका आली, बोटांवरून खात्री झाली, चिठ्ठी तर फार नंतरची. कान झाडण्यावरून कुठल्या दिवशी डोकं पाण्याखाली गेलं हेसुद्धा मला समजायचं, असंही सांगितलं. सगळं सांगितलं, एकही दुवा सोडला नाही. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. चहा टाक म्हणाले नाहीत. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. जन्मभर मला असा ऐकणारा हवा होता, तो मिळाला, आणि मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं. मग त्यांनी टॉवेलची नीट घडी केली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली. तेव्हापासून शुक्रवार गेला, मंगळवार गेला, दूधवाल्यांची मापं कोणी तपासली नाहीत. नात दोन महिन्यांनी येतेय.

चूक माझी आहे, ती मी कोणावर ढकलत नाही (तुझ्यावर ढकलतेय, पण निम्मीच). तेव्हा आता वडीलधारी म्हणून एवढं कर. टोकनताईला मार. कशीही मार. इस्त्रीचा शॉक दे, ओल्या जिन्यावरून पाड, नाहीतर जाड भिंगांचा चष्मा घरी विसरून तिला रस्ता ओलांडायला लाव. तिचा खून केलास तरी माझी हरकत नाही, संशयितांत पहिलं नाव माझं घाल. आणि रविवारचे फोन मी बंद करत नाही, तेवढी निर्दय मी नाही, पण यापुढे ऊन किती पडलं आणि भाजी ताजी होती का, यापलीकडे माझ्या तोंडून अक्षर निघणार नाही. लिही त्यावर कादंबरी!

डोळ्याला जप. वाकून काही उचलू नकोस. धाकट्या काकांना नमस्कार सांग, त्यांना सांग की दुसऱ्या पुस्तकातला विष पाजणारा दीर वाचून त्यांचा मला फोन आला होता आणि मी त्यांची समजूत काढली.

तुझीच (आणि पाच पुस्तकांत तुझ्याच उपयोगी पडलेली)
भाची

ता. क. पत्र लिहून पाच दिवस पर्समध्येच राहिलं. आता पाकीट उघडून पुन्हा लिहितेय. टोकनताईला मारू नकोस. रागात लिहून गेले. ग्रंथालयातली बाई म्हणाली की ती गेली तर रांगेतल्या चाळीसजणी काय करतील, आणि त्या चाळीसांत दोन नंबर माझे आहेत, एक माझ्या नावावर आणि एक लेकीच्या. शिवाय आज मंगळवार, आणि सकाळी एक गोष्ट झाली.

ता. क. दुसरा. हे सकाळी साडेपाचला उठले, स्टूल घेतलं, वरच्या फळीवरचा टॉवेल काढला, पिशवीत न लपवता खांद्यावर टाकला आणि बाहेर पडले. मी भाजीला म्हणून निघाले. (सकाळी पावणेसहाला भाजी मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. गप्प बस.) न्हाणीच्या पडद्याआड उभं राहिलं तर पायाला फार गार लागतं, हे तू लिहिलं नाहीस, कारण तू कधी उभी राहिली नाहीस. बाकीचे आठजण फळ्या घेऊन खेळत होते. हे एका बाजूच्या कठड्याला पाठ लावून कितीतरी वेळ नुसते उभे होते. मग निघाले. फळी नाही, दांडी नाही. अर्ध्यात उचकी लागली, तरी थांबले नाहीत. समोरच्या कठड्याला हात लागला तेव्हा त्यांनी वळून बघितलं, कोणी पाहिलं का म्हणून. शिकवणाऱ्या बाई फोनवर बोलत होत्या. कोणीच पाहिलं नव्हतं.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याच्यासाठी धाडतेय. अजून बोलत नाहीत. मी मनाने जाऊन सांगितलं की मी पाहिलं, तर ती हेरगिरी. तू लिहिलंस तर ती कादंबरी. आणि तुझं सहावं पुस्तक आलं की हे गॅलरीत खाकी कव्हर घालून बसणार, कितीही चिडले असले तरी, हे मी लिहून देते. तेव्हा सहाव्यात टोकनताईच्या नवऱ्याला एकदा पाण्यात उतरव. बुडणारं कोणी घाल, वाटल्यास खुनीच घाल, त्याला यांच्या हातून बाहेर काढ. पण हे तलाव आडवा पोहले, तेव्हा रुंदीच लिही, लांबी लिहू नकोस. वजनमापांचा माणूस आहे, एक फूट जास्त लिहिलंस तर पुस्तक मिटून ठेवतील. मी तिथे होते हे त्यांना त्यावरून कळेल. कळू दे. आणि ते पलीकडच्या कठड्याला हात लावून मागे वळून बघतील ना, तेव्हा कोणाकडून तरी टाळ्या वाजवून घे. मी हात उचलले होते गं, पण वाजवले नाहीत.